विंचवाचं विष, केळी आणि चेतापेशीचे दरवाजे

पावसाळा तोंडावर आला की खान्देशातल्या गावांत विंचू निघायला लागतात. सरपण ओढताना, गोठ्यातला दगड हलवताना, अंधारात अनवाणी पाऊल टाकताना डंख बसतो. बहुतेकांना रात्रभर कळा येतात, मुंग्या येतात आणि एक-दोन दिवसांत माणूस सावरतो. लाल विंचू असेल तर मात्र कधी कधी, विशेषतः लहान मुलांत, वेगळंच घडतं. अंगावरचे कपडे भिजतील इतका घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, छाती धडधडते, रक्तदाब चढतो आणि काही तासांत फुफ्फुसात पाणी साचू शकतं. डंख पायाच्या अंगठ्याला आणि जिवावर बेततं ते हृदय-फुफ्फुसांमुळे.

विषाच्या एवढ्याशा थेंबाने एवढा उत्पात कसा होतो? आपल्या चेतापेशींच्या पडद्यात प्रथिनांचे अतिशय सूक्ष्म दरवाजे असतात. विष त्यांना वेळेवर मिटू देत नाही. हे दरवाजे उघडतात कसे याचं वर्णन पाठ्यपुस्तकात सापडतं, पण ते मिटतात कसे हे घाईघाईत उरकलं जातं. माझ्या मते खरी गोष्ट मिटण्यातच आहे. विंचवाचं विष, कपाशीवरची फवारणी, दाताचं इंजेक्शन, फिटची गोळी आणि किडनीच्या रुग्णाला केळं का वर्ज्य, या सगळ्यांचा उलगडा तिथूनच होतो.

आधी पडदा

चेतापेशी म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि अंगभर पसरलेल्या नसांमधली निरोप नेणारी पेशी. तिच्याभोवती चरबीचा पडदा असतो. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. असे दोन लाख पडदे एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभार असलेले कण सुटे होतात. अशा भारित कणाला आयन म्हणतात. चरबीतून आयन जाऊ शकत नाहीत, त्यामुळे पडद्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी पाणी राहू शकतात.

बाहेरच्या पाण्यात सोडियम भरपूर, लिटरमागे सुमारे १४५ मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजायचं एकक). आत जेमतेम १० ते १५. पोटॅशियमचं नेमकं उलटं: आत सुमारे १४०, बाहेर फक्त ४ च्या आसपास. हा फरक आपोआप टिकत नाही. पडद्यातला एक प्रथिनांचा पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत ओढतो. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये तो शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण विसावलेल्या शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, आणि तिचा मोठा वाटा हा पंप चालवण्यात जातो.

या सगळ्यामुळे पेशीचं आतलं अंग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतं. घड्याळातल्या सेलचा विजेचा दाब दीड व्होल्ट. हा त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढा. आकडा किरकोळ वाटेल, पण तो ५ नॅनोमीटरच्या पडद्यावर पडलेला आहे. मीटरच्या हिशोबात सांगायचं तर मीटरमागे १ कोटी ४० लाख व्होल्ट. हवेत मीटरमागे ३० लाख व्होल्टच्या आसपास ठिणगी पडते. आपल्या प्रत्येक चेतापेशीचा पडदा त्याच्या चौपटीहून अधिक ताणाखाली सतत उभा आहे.

हतनूरचे दरवाजे आणि हे दरवाजे

भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. तापी-पूर्णेला पूर आला की किती दरवाजे किती मीटरने उघडले याची बातमी येते. अडवलेल्या पाण्याला ढकलावं लागत नाही. दरवाजा वर झाला की ते आपल्या जोराने धावतं. चेतापेशीच्या बाहेर दाटलेल्या सोडियमचंही तसंच. त्याला आत यायची दोन कारणं आहेत: आत त्याची दाटी कमी आहे आणि आतलं अंग ऋण असल्यामुळे धन आयनांना ओढ आहे. पडद्यातला सोडियमचा दरवाजा, म्हणजेच सोडियम चॅनल, उघडला की सेकंदाला लाखो आयनांच्या वेगाने सोडियम आत घुसतो.

साम्य इथपर्यंतच. हतनूरचे दरवाजे अर्धा मीटर, एक मीटर असे हवे तेवढे उचलता येतात आणि ते उचलायला माणसं लागतात. चॅनलच्या दरवाज्याला अर्धवट उघडणं माहीत नाही. जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये काचेच्या अतिसूक्ष्म नळीचं तोंड पडद्याला टेकवून एकेका चॅनलमधून वाहणारी वीज मोजली. आलेख चढत-उतरत नव्हता. तो खटकन वर जायचा, तिथेच सपाट राहायचा आणि खटकन खाली यायचा. या कामासाठी त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं.

मग उघडतो कोण?

वीजच उघडते. सोडियम चॅनल हे एक मोठं घडीदार प्रथिन आहे. त्याचे चार सारखे भाग मधल्या पोकळ वाटेभोवती उभे असतात. प्रत्येक भागात एक पिळदार दांडी असते आणि तिच्यावर ठरावीक अंतराने धन भार असलेले अमिनो आम्लांचे घटक बसलेले असतात. पेशी शांत असताना आतलं ऋण अंग या दांड्यांना आतल्या बाजूला ओढून धरतं आणि वाट बंद राहते. शेजारून थोडा धन भार आला, आतला दाब उणे ७० वरून उणे ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आला, की ही पकड सैल होते. दांड्या बाहेरच्या बाजूला सरकतात, त्यांना जोडलेला भाग ओढला जातो आणि वाट मोकळी होते.

आत आलेला सोडियम धन असतो. त्यामुळे आतलं अंग आणखी कमी ऋण होतं आणि शेजारचे दरवाजे उघडतात. त्यांच्यामुळे त्यांच्या शेजारचे. अशा रीतीने निरोप पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत येतो. वाटेत कुठेही तारेसारखी वीज धावत नाही, प्रत्येक टप्प्यावर ती नव्याने तयार होते. म्हणून नसेचा वेग विजेच्या तारेपुढे फारच कमी असतो. वेष्टन असलेल्या जाड तंतूत तो सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो, तर दुखणं वाहून नेणाऱ्या बारीक, बिनवेष्टनाच्या तंतूत सेकंदाला एखादा मीटर. ठेच लागल्यावर आधी चटका आणि मग मागाहून खोल कळ येते ती यामुळेच: दोन वेगवेगळ्या वेगांचे तंतू दोन वेगवेगळ्या वेळी पोहोचतात.

तिसरी अवस्था

दरवाजा एकतर उघडा नाहीतर बंद, असं आपण समजतो. सोडियम चॅनलला तिसरी अवस्था आहे. उघडल्यानंतर साधारण एका मिलिसेकंदात त्याच प्रथिनाचा आतल्या बाजूला लोंबणारा एक छोटा तुकडा येऊन घट्ट बसतो आणि वाट अडते. दांड्या अजून उघडण्याच्या जागीच असतात, तरी सोडियम जात नाही. याला कुलूपबंद अवस्था म्हणू. साध्या बंद दरवाज्याला विजेचा धक्का मिळाला तर तो उघडतो. कुलूपबंद दरवाजा कितीही धक्के दिले तरी उघडत नाही. कुलूप निघण्याची अट एकच: पेशीचं आतलं अंग पुन्हा पुरेसं ऋण झालं पाहिजे. ते काम थोडे उशिरा उघडणारे पोटॅशियमचे दरवाजे करतात. पोटॅशियम बाहेर जातो, आतला दाब खाली येतो, कुलूप सुटतं आणि काही मिलिसेकंदांत दरवाजा पुन्हा तयार होतो.

या कुलपाशिवाय आपलं काहीच चालणार नाही. निरोप पुढे गेल्यावर मागचे दरवाजे कुलूपबंद असतात, म्हणून तो उलटा फिरत नाही. दोन निरोपांमध्ये अंतर राहतं, म्हणून मेंदूला ते वेगवेगळे मोजता येतात.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही की ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये हे सगळं गणितात मांडलं, तेव्हा चॅनल कुणी पाहिलेलाच नव्हता. समुद्रातल्या माकुळाचा एक चेतातंतू जवळजवळ एक मिलिमीटर जाड असतो. त्यात तार घालून त्यांनी वीज मोजली आणि समीकरणांत सोडियमसाठी दोन वेगळ्या क्रिया धरल्या: एक झटकन उघडणारी आणि एक जरा सावकाश अडवणारी. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

छोटा अडतो आणि मोठा जातो?

इथे विद्यार्थी हमखास एक शंका काढतात आणि ती अगदी रास्त आहे. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असतो. मग पोटॅशियमच्या दरवाज्यातून सोडियम सहज निसटायला हवा. प्रत्यक्षात तो जवळजवळ अजिबात जात नाही.

उत्तर १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशियम चॅनलची रचना क्ष-किरणांनी उलगडली तेव्हा दिसलं. पाण्यातल्या आयनाला पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. अरुंद वाटेत शिरताना ते सोडावे लागतात आणि ते सोडायला ऊर्जा लागते. पोटॅशियमच्या वाटेत भिंतीवरचे ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियमला ते पाण्याच्या रेणूंच्या जागी नेमके मिळतात. पाणी सोडल्याची पूर्ण भरपाई होते. सोडियम लहान, त्याला ते सगळे ऑक्सिजन एकाच वेळी हाताशी लागत नाहीत. भरपाई होत नाही, म्हणून तो पाणी सोडत नाही आणि बाहेरच राहतो. मॅकिनन यांना २००३ चं नोबेल मिळालं.

दिवसभरात सोडियम भरून पेशी फुगत नाही का?

नाही. एका उघडझापेत एका चॅनलमधून काही हजार आयन जातात. पेशीतल्या एकूण साठ्यापुढे हे इतकं थोडं आहे की जाड तंतूत पंप बंद केला तरी तो बराच वेळ निरोप नेत राहतो. पंप मागची थकबाकी शांतपणे फेडत असतो.

आता विंचू

लाल विंचवाच्या विषातली काही प्रथिनं सोडियम चॅनलला बाहेरून चिकटतात आणि कुलूप बसायला उशीर करतात. दरवाजा उघडतो नेहमीसारखाच, पण मिटत नाही. एका निरोपाच्या जागी निरोपांची माळ सुटते. दुखणं वाहणाऱ्या तंतूत ही माळ सुटली की कळा येतात. विष रक्तातून पसरून घाम, हृदय, रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या आपसूक चालणाऱ्या नसांपर्यंत पोहोचलं की त्या नसा आपली रसायनं बेसुमार ओततात. घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि दमलेलं हृदय हा त्याचाच परिणाम. याच विंचवाच्या विषात पोटॅशियमचा एक प्रकारचा दरवाजा बंद पाडणारं प्रथिनही सापडलं आहे, म्हणजे पेशीला शांत करणारी वाटही अडवली जाते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं. प्राझोसिन चॅनलला हात लावत नाही. ओतल्या गेलेल्या रसायनांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम ते अडवतं, आणि जीव वाचवायला तेवढं पुरतं. पण ते वेळेत मिळालं पाहिजे. म्हणून घाम, उलट्या, गार हातपाय दिसताच मांत्रिकाकडे न नेता थेट दवाखाना गाठायचा. उतारा घालण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

कपाशीवरची फवारणी

सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन ही नावं जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला पाठ असतात. डास मारायच्या अगरबत्तीतलं अ‍ॅलेथ्रिन यांचंच भावंड. मूळ प्रेरणा शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातून आली. ही द्रव्यं किडीच्या सोडियम चॅनलमध्ये घुसून त्याला उघडाच धरून ठेवतात. कीड थरथरते, लुळी पडते, मरते.

चॅनल तर आपल्यातही तोच, मग फवारणारा माणूस का मरत नाही? किडीचा चॅनल या द्रव्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हळवा असतो, कमी तापमानात त्यांचा परिणाम वाढतो आणि किडीचं अंग आपल्यापेक्षा गार असतं, शिवाय आपलं शरीर त्यांना लवकर मोडून टाकतं. तरी निरुपद्रवी समजायचं कारण नाही. फवारणीनंतर चेहऱ्याची आग होते, कातडीला झिणझिण्या येतात, त्या याच उघड्या राहिलेल्या दरवाज्यांच्या असतात. माशांना तर ही द्रव्यं फारच घातक, म्हणून पंप नाल्यात किंवा विहिरीवर धुऊ नये.

औषध हळूहळू लागू पडेनासं होतं, त्याचं एक कारणही याच दरवाज्यात आहे. अनेक किडींत आणि डासांत चॅनलमधला एकच अमिनो आम्लाचा घटक बदललेला सापडतो. तेवढ्याने द्रव्य नीट चिकटत नाही आणि दरवाजा पुन्हा वेळेवर मिटू लागतो. दरवेळी त्याच गटातलं औषध मारलं की असे बदललेले कीटकच मागे उरतात.

दरवाजा मुद्दाम बंद ठेवायचा असेल तर

दात काढण्याआधीचं लिग्नोकेनचं इंजेक्शन सोडियम चॅनलच्या वाटेत आतून जाऊन बसतं. दरवाजा मिटलेलाच राहतो आणि दुखण्याचा निरोप निघत नाही. दातात पू असला की हेच इंजेक्शन नीट लागू होत नाही. औषध पडद्यातून आत शिरतं ते भार नसलेल्या रूपात. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे बहुतेक औषध भारित होऊन बाहेरच अडकतं. अशा वेळी डॉक्टर आधी काही दिवस गोळ्या देतात किंवा सुई जरा लांब टोचतात.

फिटच्या आजारातल्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या गोळ्या आणखी हुशारीने वागतात. त्या कुलूपबंद दरवाज्याला चिकटतात आणि कुलूप सुटायला उशीर लावतात. संथपणे निरोप पाठवणाऱ्या पेशीला याने फारसा फरक पडत नाही. फिट येताना मिनिटागणिक नव्हे, मिलिसेकंदागणिक दरवाजे उघडू पाहणाऱ्या पेशींना मात्र लगाम बसतो. गोळीने माणूस सुन्न का होत नाही, याचं उत्तर हेच. आणि बरं वाटलं म्हणून ती परस्पर बंद करणं धोक्याचं का, याचंही.

माणसात सोडियम चॅनलचे नऊ प्रकार आहेत. सगळे एकदम बंद केले तर हृदय आणि श्वासही थांबेल. २००६ मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या मुलांना जन्मापासून वेदनाच नव्हती, कारण त्यांचा सातव्या क्रमांकाचा सोडियम चॅनल निकामी होता. बाकी स्पर्श, ऊब, गारवा सगळं कळत होतं. त्यांच्या ओठांवर, जिभांवर स्वतःच चावल्याच्या जखमा होत्या. तेव्हापासून फक्त दुखण्याच्या तंतूंतले दरवाजे अडवणारं औषध शोधलं जात होतं. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुझेट्रिजिन या गोळीला मंजुरी दिली. ती आठव्या क्रमांकाचा चॅनल अडवते. तो मुख्यतः दुखणं वाहणाऱ्या नसांत असतो, मेंदूत नसतो. त्यामुळे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांसारखं व्यसन लागण्याची भीती तिच्यात दिसत नाही.

मिरचीचा दरवाजा वेगळा

सगळे दरवाजे विजेनेच उघडतात असं नाही. जिभेवर आणि कातडीत एक चॅनल असतो, तो सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतो आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही. भरताच्या हिरव्या मिरच्या तोंड भाजतात असं आपण म्हणतो, ते मेंदूच्या दृष्टीने शब्दशः खरं आहे. हा चॅनल डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला. २०२१ मध्ये नोबेल मिळालं. मग मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ वर गेल्यावर अंग भाजल्यासारखं दुखत का नाही? कारण चॅनल हवेचं नाही, कातडीचं तापमान मोजतो आणि घाम कातडीला त्याखाली ठेवतो. घाम आटला की हा बचाव संपतो.

केळी आणि किडनी

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात डायलिसिसवर असलेल्या माणसाला केळं खाऊ नका असं सांगितलं, की घरच्यांना ते पटत नाही. केळं म्हणजे पचायला हलकं, आजाऱ्याला द्यायचं फळ. आणि जळगावच्या केळीला तर २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्यात वाईट काय?

निरोगी माणसासाठी काहीच नाही. मध्यम केळ्यात ३५० ते ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि जास्तीचं पोटॅशियम किडनी लघवीतून काढून टाकते. किडनी थकली की ते रक्तात साठतं. पेशी शांत असताना तिचं आतलं अंग किती ऋण राहील, हे मुख्यतः आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियमच्या प्रमाणावर ठरतं. बाहेरचं पोटॅशियम ४ वरून ७ वर गेलं, तर आतला दाब वर सरकतो आणि तिथेच राहतो. सोडियमच्या दरवाज्याचं कुलूप कधी सुटतं, ते वर आलंच आहे: आतलं अंग पुरेसं ऋण झालं तरच. आता ते तितकं ऋण होतच नाही. एकेक करत दरवाजे कुलूपबंद अवस्थेतच अडकत जातात. स्नायू गळून पडतात. हृदयाच्या ठोक्याचा निरोप मंदावतो, वेडावाकडा होतो आणि थांबूही शकतो. विंचवात दरवाजा मिटत नाही म्हणून घात होतो, इथे मिटलेला उघडत नाही म्हणून.

आणि हे बहुतेकदा काहीही न दुखता होतं. म्हणून या रुग्णांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला रक्तातलं पोटॅशियम तपासायलाच हवं, डायलिसिसची पाळी चुकवू नये आणि नारळपाणी, टोमॅटो, बटाटा, सुकामेवा यांबद्दलही विचारून घ्यावं. कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात बरंच पोटॅशियम असतं. रक्तदाबासाठी ते आणणाऱ्या घरात किडनीचा रुग्ण असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच.

पोटॅशियम फार वाढलेल्या रुग्णाला दवाखान्यात आधी शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने रक्तातलं पोटॅशियम तसूभरही कमी होत नाही. हृदयाच्या पेशी तेवढ्यापुरत्या स्थिरावतात, अर्ध्या-एक तासाची सवड मिळते, आणि त्या वेळात इन्सुलिन व ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. शरीराबाहेर ते काढायला मग डायलिसिस लागतं.